सदतीसवर थांबलेली गाडी

१

उमरग्याच्या बायपासला हैदराबादकडं तोंड केलं की डाव्या हाताला गुंडाप्पाचं गॅरेज लागतं. पत्र्याचं शेड, पुढं शटर, मागं दोन खोल्या, आणि खोल्यांच्या पुढच्या अंगणात तीन शेळ्या. बोर्डावर भलं मोठं नाव रंगवलंय, पण ते कुणी वाचत नाही. लोक पत्ता विचारताना सरळ विचारतात, गरम गाडीवाला कुठं बसतो?

आता गाडी तापायला लागली की आपल्याकडं काय करतात, हे काय सांगायला पाहिजे? मेस्त्री काहीही न बघता पाना उचलतो. इंजिनातल्या पाण्याच्या वाटेची उघडझाप करणारी ती वाटीएवढी झडप, थर्मोस्टॅट, ती काढून फेकतो. फॅनची वायर बॅटरीला जोडून फॅन कायमचा चालू करून टाकतो. बोअरचं खारट पाणी ओततो आणि म्हणतो, न्या आता बिनघोर. सगळ्या जिल्ह्यात हीच रीत.

गुंडाप्पा असलं काही करत नसे. तो गिऱ्हाइकाला म्हणायचा, "गाडी ठिवून जावा. सकाळच्याला थंड असताना बगतो." गिऱ्हाईक त्याच्या तोंडाकडं बघत राही. तापणारी गाडी थंड असताना बघून काय करणार हा बाबा? पण त्यातच तर सगळी मेख होती. गाडी रात्रभर उभी राहिली की तिच्यातलं पाणी, लोखंड आणि बाहेरची हवा एका मापाला येतात. सकाळी चावी फिरवायची, इंजिन चालू करायचं नाही, गाडीच्या कंप्युटरमधले आकडे दाखवणारा स्कॅनर लावायचा, पाण्याचा आकडा बघायचा आणि हवेचा आकडा बघायचा. दोन्ही सारखे आले, तर मोजणारा सेन्सर खरं बोलतोय. गाडी खरंच तापते, खुशाल खोला. पाण्याचा आकडा चढा आला, तर इंजिन ठणठणीत आहे, मोजणाराच खोटारडा आहे.

"बिनजिवाची वस्तू रातभर ठिवली की हवेएवढी व्हती," तो सांगायचा. "हवेपरीस गरम राहायचं तर आत कायतरी जळावं लागतं."

ह्या एका वाक्यावर त्यानं बावीस वर्षं धंदा केला होता.

२

दिवाळीला गुंडाप्पानं स्वतःसाठी गाडी घेतली. घेतली म्हणजे काय, भंगारात निघालेली एक जुनी छोटी पेट्रोल गाडी होती. इंजिन उकळून जागेवर बसलेलं. त्यानं हेड उतरवून पॉलिश करून आणलं, पाण्याचा पंप बदलला, रेडिएटर नवा टाकला. दोन महिने गिऱ्हाइकांची कामं संपली की तो तिच्या पोटात डोकं घालून बसायचा. हे सगळं बायकोसाठी. दैवशालानं सव्वीस वर्षं मोटारसायकलच्या मागं बसून काढली होती. लोहाऱ्याजवळच्या तिच्या माहेरला जायचं म्हटलं की येताना तिची कंबर धरायची, पण ती तोंडातून शब्द काढायची नाही. उतरायची, दोन घटका भिंतीला धरून उभी राहायची आणि चुलीकडं जायची.

दोघांना मूलबाळ झालं नाही. त्याचं दुःख त्यांनी कधीच करून संपवलं होतं. तिला तो होता आणि त्याला ती होती, आणि दोघांना मिळून तीन शेळ्या. एवढाच त्यांचा संसार होता, आणि खरं सांगायचं तर तो चांगला चालला होता.

दैवशाला धनगराची लेक. शेळीचा कान मुठीत धरला की तिला कळायचं, जनावराला ताप आहे की नाही. गाडी दारात आली त्या दिवशी तिनं हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि बॉनेटवर तळवा ठेवून ती नुसतीच उभी राहिली. मग रोजचंच झालं. झाडलोट झाली की पदरानं बॉनेट पुसायचं आणि तळवा टेकवायचा.

"काय बगतीस?" गुंडाप्पा विचारायचा.

"काय न्हाय. बरी हाय का बगते."

"ती काय शेळी हाय व्हय?"

"तुमाला काय करायचंय," ती म्हणायची, आणि चहा ठेवायला जायची.

पुढं थंडी पडली. एका सकाळी सहज म्हणून, निव्वळ सवयीनं, गुंडाप्पानं आपल्याच गाडीला स्कॅनर लावला. गाडी चार दिवस जागची हललेली नव्हती. हवा तेरा. पाणी सदतीस.

३

त्यानं आधी स्कॅनरवर संशय घेतला. स्कॅनर काढून दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या गाडीला लावला. तिथं हवा तेरा, पाणी तेरा. परत आपल्या गाडीला लावला. सदतीस.

मग त्यानं लांबून ताप मोजायची बंदूक घेतली आणि इंजिनावर धरली. तेरा. रेडिएटरवर तेरा. सेन्सर ज्या जागी आत गेलेला असतो तिथल्या लोखंडावर तेरा. बोट लावून पाहिलं, तर लोखंड गारठलेलं होतं. म्हणजे सेन्सर खोटारडा. त्याला बरं वाटलं. नवा सेन्सर बसवला, चावी फिरवली. सदतीस.

आता सांगा, असं झाल्यावर माणूस काय करील? त्यानं शेजारच्या उत्तरेश्वरला हाक मारली. उत्तरेश्वर गाड्यांची वायरिंग करायचा. माणूस लाखमोलाचा, फक्त तोंडाला कुलूप नव्हतं.

"तुजं काम म्हंजे आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी," त्यानं आल्या आल्या सुरुवात केली. "फॉल्ट वायरीत असंल आन् तू सेन्सर बदलत बसलायस. सेन्सरचा प्लग काड. काडला की आकडा उणे चाळीसला जातो का न्हाय? गेला तर वायर चांगली. न्हाय गेला तर मी हाय."

गुंडाप्पानं प्लग काढला. आता मोजणारा आणि गाडी ह्यांचा एकमेकांशी काही संबंध उरला नव्हता. सेन्सर एकीकडं आणि वायर हातात. दोघांनी वाकून पडद्यावर बघितलं.

सदतीस.

रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर गेला, शेडचा पत्रा थरथरला.

"काय काय गाड्या असतात तसल्या," उत्तरेश्वर म्हणाला. "प्लग काडला की त्या मनानंच एक आकडा धरत्यात."

हे खरं होतं. गुंडाप्पालाही ठाऊक होतं. त्यानं मान हलवली आणि प्लग परत लावायला वाकला, तेवढ्यात मागच्या खोलीतून दैवशालाच्या खोकण्याचा आवाज आला. कोरडा, लांबलेला खोकला. त्यानं वर बघितलं. पडद्यावर अडतीस होते.

मनानं धरलेला आकडा हलत नसतो.

"वायर दाबली गेली असंल कुठंतरी," उत्तरेश्वर म्हणाला. "सवडीनं सगळी उकलावी लागंल. बगू आपण." आणि तो चहा न पिताच गेला. उत्तरेश्वर चहा न पिता गेला, असं त्या गॅरेजमध्ये पहिल्यांदाच घडलं.

४

गुंडाप्पानं मनाला समजावलं. तो समजावणीत पटाईत होता. गिऱ्हाइकांना समजावून समजावून ती सवयच लागली होती. कंप्युटरचं डोकं बिघडलं असेल. ओल गेली असेल. बॅटरीचा करंट कुठूनतरी उलटा येत असेल. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा अडतीसच होता, तिसऱ्या दिवशी एकोणचाळीस, आणि गाडी त्या तीन दिवसांत एकदाही चालू केली नव्हती.

दैवशालाचा खोकला चालूच होता. "थंडीनं झालंय," ती म्हणायची. "काडा घेतलाय म्या." ती रोजच्यासारखीच उठायची, झाडायची, शेळ्यांना पाला टाकायची, भाकरी थापायची. फक्त भाकरी थापताना मधूनच थांबायची आणि परातीच्या कडेला हात टेकायची. गुंडाप्पाच्या नजरेला ते पडायचं आणि तिथंच राहायचं. त्याचं डोकं आकड्यात होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यानं जे केलं, ते तो बावीस वर्षं इतरांना करू नका म्हणून सांगत आला होता. आकडा खाली आणायचाच, या इरेला पेटून त्यानं थर्मोस्टॅट काढून टाकला, फॅनची वायर बॅटरीला डायरेक्ट जोडली, इंजिनातलं सगळं पाणी सोडून दिलं आणि हौदातलं गार पाणी पाइपनं आत सोडलं. फॅन घोंघावायला लागला. गार वारा जाळीतून आत जात होता आणि पाण्याची धार खाली जमिनीवर वाहत होती.

आकडा हलला. एकोणचाळीसवरून अडतीस. सदतीस. त्याला हसू आलं.

"अहो," आतून हाक आली. आवाज विचित्र होता, तुटक तुटक. "अहो, वाकळ टाका की माझ्यावर."

तो आत गेला. दैवशाला भर दुपारी जमिनीवर पाय पोटाशी घेऊन पडली होती. अंग उडत होतं. दातावर दात आपटत होते. बाहेर ऊन लख्ख पडलं होतं आणि तिच्या अंगावर आधीच एक गोधडी होती. त्यानं दुसरी टाकली, तिसरी टाकली, तरी हुडहुडी जाईना.

"आत्ताच भरलं बगा एकाएकी," ती म्हणाली. "गार पाण्यात बुडिवल्यावानी."

बाहेर फॅन घोंघावत होता. गुंडाप्पा उंबऱ्यात उभा राहून ऐकत होता. योगायोग, त्याचं डोकं म्हणालं. थंडीताप असाच येतो, दुपारचाच येतो. डोकं हे म्हणत असतानाच त्याचे पाय पळाले, आणि त्यानं बॅटरीवरची वायर ओढून काढली, पाण्याचा नळ बंद केला. फॅन थांबला. सगळं गॅरेज गप्प झालं. आणि आतला, दातांचा तो आवाजही थांबला.

तो बराच वेळ गाडीच्या दाराला टेकून उभा राहिला. पडद्याकडं बघायचं त्याचं धाडस होईना.

५

शेवटी त्यानं बघितलं. आकडा वर चढत होता. अडतीस, एकोणचाळीस. मग चाळीस, आणि तिथं तो ठाण मांडून बसला.

गुंडाप्पा आत आला. दैवशाला उठून बसली होती, केस सावरत होती, चुलीकडं निघायच्या बेतात होती. गाल लाल झाले होते, डोळे चकाकत होते. सव्वीस वर्षांत त्यानं तिच्या कपाळाला कधी हात लावून पाहिला नव्हता. लावायचं कारणच पडलं नव्हतं. ती कधी आजारीच पडली नव्हती. निदान असं त्याला वाटत होतं.

त्यानं गुडघे टेकले आणि कपाळावर तळवा ठेवला. त्याच्या हाताला ऑइलचा वास होता. तापलेल्या इंजिनाला हात लागला की माणूस दचकून मागं घेतो, तसा त्याचा हात मागं आला.

"कवापासून?" त्यानं विचारलं.

"कवाचं काय. जरा अंग मोडून येतंय."

"दैवशाला. कवापासून?"

ती खाली बघत राहिली. "झाले असतील तीन आठवडे. अंगावरच काडलं. तुमी नवीन गाडीच्या नादात व्हता, चांगलं वाटत व्हतं बगून. म्हटलं, कशाला उगं."

दुखणं अंगावर काढायचं, हे आपल्या बायकांना कोण शिकवतं देव जाणे. आयुष्यभर चुलीपुढं उभं राहून ताप लपवतात आणि वर नवऱ्याला विचारतात, तुमचं डोकं दुखतंय का? गुंडाप्पाला स्वतःचा राग आला. दाराबाहेर उभी असलेली बिनजिवाची गाडी तीन दिवस त्याला ओरडून सांगत होती, आणि तो तिचे सेन्सर बदलत बसला होता.

त्यानं गाडीत पाणी भरून घेतलं आणि तिला उचलून मोटारसायकलीवर नाही, गाडीत घातलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी काचेचा थर्मामीटर लावला. "एकशेचार," त्या म्हणाल्या. "इतके दिवस काय करत होता?"

"बाई, हे सेल्सिअसात किती व्हतं?" गुंडाप्पानं विचारलं.

बाईंना त्या प्रश्नाचं नवल वाटलं असावं. "चाळीस," त्या म्हणाल्या. "का?"

"काय न्हाय," गुंडाप्पा म्हणाला.

६

न्यूमोनिया होता, दोन्ही बाजूंना पसरलेला. पहिल्या दोन दिवसांत डॉक्टरीणबाईंनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, की सांगता येत नाही, तयारी ठेवा. कसली तयारी ठेवायची? गुंडाप्पाकडं दैवशाला नसलेल्या दिवसाची काहीच तयारी नव्हती. तिच्याशिवाय सकाळी उठून पहिल्यांदा काय करायचं असतं, हेसुद्धा त्याला माहीत नव्हतं.

गाडी दवाखान्याच्या खाली, कडुनिंबाखाली उभी असायची. रोज पहाट फुटली की तो जिना उतरून यायचा, चावी फिरवायचा आणि स्कॅनर लावायचा. चाळीस. दुसऱ्या दिवशी चाळीस. मग एकोणचाळीस. वर जाऊन तो नर्सला विचारायचा, "आज उतरलाय न्हवं जरासा?" आणि नर्स तक्ता बघून म्हणायची, हो, तुम्हाला कसं कळलं? दुखणं हत्तीच्या पायानं येतं आणि मुंगीच्या पायानं जातं म्हणतात. ती मुंगी गुंडाप्पानं रोज सकाळी डोळ्यांनी चालताना बघितली. आता त्याचं डोकं कारण शोधत नव्हतं. त्याला कारण नको होतं, आकडा हवा होता.

आठव्या दिवशी सदतीस झाले. तो स्टिअरिंगवर डोकं टेकून रडला. बाजूनं चाललेल्या एका भाजीवालीनं काचेवर टकटक करून विचारलं, काय झालं भाऊ? तो म्हणाला, "बरी झाली."

त्या दुपारी त्यानं दैवशालाला सगळं सांगून टाकलं. प्लग काढला ते, गार पाणी सोडलं ते, सगळं. ती हसेल असं त्याला वाटलं होतं. ती हसली नाही. उशीवर मान वळवून खिडकीबाहेर खाली गाडी दिसते का ते तिनं बघितलं.

"रोज हात ठिवायची ना मी तिच्यावर," ती म्हणाली. "मला वाटायचं, आतून ऊन हाय. तुमाला सांगितलं असतं तर येड्यात काडलं असतं."

"आता काय करू? उकलू का वायरी?"

"नगं." तिनं त्याचं मनगट धरलं. तिचा हात कोमट होता, नेहमीसारखा. "ऱ्हाऊ द्या तसाच आकडा. तुमाला कळत तरी ऱ्हाईल."

"न्हाय हात लावत," तो म्हणाला. "कुणाला लावू पण देत न्हाय."

७

दवाखान्यातून सोडलं त्या दिवशी तो तिला गाडीत पुढं बसवून घरी घेऊन आला. बायपासच्या खड्ड्यांत त्यानं गाडी इतकी हळू चालवली की मागचा टेम्पोवाला हॉर्न वाजवून वाजवून कंटाळला. शेळ्यांनी तिला बघून गळा काढला. ती खाटेवर पडली, दूधभात खाल्ला, आणि संध्याकाळ व्हायच्या आतच तिला गाढ झोप लागली. तिची छाती सारखी वरखाली होत होती. खोकला नव्हता. गुंडाप्पा गोळ्या आणायला चौकात गेला, मेडिकलवर गर्दी होती, तासभर लागला. आला, तिला पांघरूण नीट केलं, तिच्या खाटेशेजारी खाली अंथरूण टाकलं, आणि आठ दिवसांची झोप त्याच्या अंगावर कोसळली.

सकाळी जाग आली तेव्हा खाट रिकामी होती. अंगणातून खराट्याचा आवाज येत होता. उठली वाटतं, तो मनात म्हणाला. ऐकायची नाही ही बाई. तोंडावर पाणी मारून तो सवयीनं आधी शेडमध्ये गेला, गाडीत बसला, चावी फिरवली आणि स्कॅनर लावला.

हवा अकरा. पाणी अकरा.

त्यानं स्कॅनर काढला. परत लावला. अकरा आणि अकरा. दोन्ही सारखे. बावीस वर्षं तो गिऱ्हाइकांना सांगत आला होता, असं आलं की समजायचं सगळं ठीक आहे.

त्यानं फोन लावला. उत्तरेश्वरनं पहिल्याच रिंगला उचलला, आणि गुंडाप्पा काही विचारायच्या आत बोलायला लागला. "बघितलंस का? आला का न्हाय बरूबर? काल तू मेडिकलला गेलास तवा म्हटलं, गड्याची बायको घरला आलीय, तेवढं एक काम तरी त्याच्या डोक्यावरचं काडावं. डॅशबोर्डाच्या खाली अर्थिंगची वायर हिरवी पडली व्हती बघ, पार कुजलेली. नवी टाकली. लगीच आकडा खाली आला, हवेबरूबर. पैशाचं नाव काडू नकोस."

"जुना तुकडा कुठाय?" गुंडाप्पा म्हणाला.

"आं?"

"जुनी वायर, उत्तरेश्वर. आण ती. हाय तशी परत लाव."

"आता कुठली आणू? आत्ताच शेकोटीत टाकली. तांबं निगंल म्हणून." पलीकडं शेकोटीवरची माणसं हसत होती. "काय रं, झालं काय?"

गुंडाप्पानं फोन ठेवला. अंगणातला खराटा चालूच होता, एका लयीत, न थांबता. दैवशाला झाडताना नेहमी मधे मधे थांबायची, कंबरेवर हात ठेवायची. आज ती थांबत नव्हती.

८

शेडच्या मागच्या दारातून त्याला ती दिसत होती. अंगण सगळं स्वच्छ झालं होतं, तरी ती झाडत होती. थंडी एवढी होती की शेळ्यांच्या नाकातून वाफ निघत होती. त्याच्या स्वतःच्या तोंडातून निघत होती. दैवशालानं त्याला बघितलं, हसली, आणि खराटा भिंतीला लावून त्याच्याकडं आली. चेहरा शांत होता, तजेलदार. सव्वीस वर्षांपूर्वी लग्नात होता तसा.

"उठला व्हय," ती म्हणाली. "आज काय बी दुखंना बगा. खोकला न्हाय, कंबर न्हाय, काय न्हाय. कसं हलकं हलकं वाटतंय."

ती बोलत होती आणि गुंडाप्पा तिच्या ओठांपुढच्या हवेकडं बघत होता. तिथं काहीच नव्हतं. थंडी सगळ्यांची सारखी नसते, त्याचं डोकं म्हणालं. वारं ज्या बाजूचं असेल त्यावर असतं. ती लांब उभी आहे. ती तर आता अगदी जवळ आली होती.

"निस्तं गार मातर लई वाटतंय," ती म्हणाली. "चुलीपाशी बसले घटकाभर, तर ऊबच लागंना. चहा ठिवू?"

"नगं," तो म्हणाला. "बस हितं. गाडीत बस."

ती वळसा घालून आली आणि शेजारच्या सीटवर बसली. दार ओढून घेतलं. काल बसली होती तशीच, पदर सावरून, गुडघ्यांवर हात ठेवून. काचेबाहेर दवाखान्याचा रस्ता नव्हता, फक्त शेडची भिंत होती आणि तिच्यावर टांगलेले पाने. तिला विचारावं असं त्याच्या फार मनात आलं. काल रात्री काय झालं? मी झोपलो तेव्हा तू हाक मारलीस का? पण काही प्रश्न असे असतात की विचारले म्हणजे उत्तर येतं.

"आण हात," तो म्हणाला.

तिनं हात पुढं केला. त्यानं तो आपल्या दोन्ही तळव्यांत घेतला. आपण काय धरलंय हे त्याच्या हातांना लगेच कळलं. ज्या हातांनी रोज सकाळी थंड इंजिनं तपासली होती, त्यांना ते सांगावं लागलं नाही. पण तो हात दैवशालाचा होता. करंगळीवर भाजल्याची खूण होती, अंगठ्याजवळ विळ्याचा वण होता. त्यानं ती बोटं तोंडाजवळ नेली, त्यांच्यावर फुंकर घातली आणि तळव्यांत धरून चोळायला लागला. चोळत राहिला.

"रडताय व्हय?" ती म्हणाली. "आवं, मी बरी हाय की आता."

"व्हय," तो म्हणाला. "बरी हायस."

बाहेर कुणीतरी शटर वाजवलं. गुंडाप्पा, ए गुंडाप्पा, गाडी लई तापायलीय बघ. दोन-तीन वेळा वाजवून माणूस गेला.

"गिऱ्हाईक हाय," दैवशाला म्हणाली. "दुकान न्हाय उगडायचं आज?"

"न्हाय."

डॅशबोर्डावर स्कॅनर तसाच पडला होता. हवेचा आकडा अकरा होता. पाण्याच्या आकड्याकडं त्यानं मोठ्या कष्टानं मान वळवली. तिथं बारा झाले होते. सदतीसला अजून पंचवीस बाकी होते. त्यानं तिचा दुसरा हातही ओढून घेतला.